मध्यरेषेपासूनचे अंतर

पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर झारी घडवतो तेव्हा तिची तोटी किती पुढे काढावी हे त्याला कोणी कागदावर लिहून द्यावे लागत नाही. ते माप त्याच्या डोळ्यांत असते आणि हातोडीच्या ठोक्यात असते. झारीचे पोट ठोकणारा तोच, तोटी वळवणारा तोच आणि दोहोंच्या सांध्याला डाख देणाराही तोच. पोट जरा फुगीर झाले तर तोटी तो जरा आखूड करील. तोटी जरा कलती बसली तर तिला हलकेच नीट करील. एका माणसाच्या हातून जे काम आरंभापासून अखेरपर्यंत जाते त्याला मापाची भाषा लागत नाही.

मापाची भाषा लागते ती काम अनेकांच्या हाती वाटले गेले की. राजधानीच्या आसमंतात याचा पडताळा रोज येतो. पानिपत म्हटले की मराठी मनात १७६१ साल जागे होते. पण त्याच पानिपतच्या परिसरात १९९८ पासून इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू आहे आणि तो जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. अशा कारखान्यात माणसाच्या कितीतरी पट उंचीची पोलादी पात्रे उभी असतात. त्यांच्या पोटात वायू आणि द्रव मोठ्या दाबाखाली कोंडलेले असतात, म्हणून अभियंते त्यांना दाबपात्रे म्हणतात. या पात्रांनाही तोट्या असतात, एकदोन नव्हेत, कधी दहा, कधी तीस. कारखान्याच्या बोलीत त्यांना नॉझल म्हणतात. एका तोटीतून माल आत येतो, दुसरीतून बाहेर जातो, तिसरीला दाबमापक बसतो, चौथीतून दुरुस्तीसाठी माणूस आत उतरतो. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी भोके पाडलेले जाड पोलादी कडे असते, ते फ्लँज. समोरून येणाऱ्या नळाच्या टोकालाही तसेच फ्लँज असते. ही दोन कडी समोरासमोर येऊन बोल्टांनी आवळली गेली म्हणजे सांधा पुरा झाला.

आता या सांध्याच्या दोन बाजू कोण घडवतो ते पाहावे. पात्राचा आराखडा दिल्लीत तयार होतो असे समजू. भिकाजी कामा प्लेस या भागात, म्हणजे मुंबईच्या ज्या मादाम कामांनी १९०७ साली परदेशात हिंदी स्वातंत्र्याचा झेंडा फडकवला त्यांच्या नावाच्या वस्तीत, इंजिनियर्स इंडिया लिमिटेडचे मुख्य कार्यालय आहे. अमेरिकेतील बेक्टेल कंपनीच्या सहकार्याने १९६५ साली ही संस्था निघाली आणि दोनच वर्षांत ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. परदेशी आराखड्यांवर विसंबून कारखाने उभारणाऱ्या देशात स्वतःचे आराखडे स्वतः काढण्याची विद्या रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. अशा एखाद्या कार्यालयातून आराखडा निघतो. पात्र घडते फरीदाबादच्या एखाद्या कार्यशाळेत किंवा फारच मोठे असल्यास गुजरातेत हजिऱ्याला. नळ कापले जातात तिसऱ्याच ठिकाणी. आणि पाया घालणारा गवंडी असतो पानिपतला. या चौघांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. गाठ पडते ती फक्त त्यांच्या आकड्यांची. ते आकडे जुळले तर फ्लँजला फ्लँज भिडते; न जुळले तर दोन पोलादी तोंडे एकमेकांकडे बघत हवेत लोंबकळत राहतात.

आराखड्यात प्रत्येक तोटीचा पत्ता तीन आकड्यांनी सांगितलेला असतो. ती किती उंचीवर आहे, हा पहिला. वरून पाहता ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हा दुसरा. त्यासाठी कारखान्याची उत्तर दिशा शून्य अंश धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कोन मोजतात. आणि तिसरा आकडा म्हणजे तिचे तोंड किती पुढे आलेले आहे. पहिल्या दोहोंविषयी सहसा वाद होत नाही. तिसऱ्याविषयी मात्र आरेखकांत आणि फिटरांत पिढ्यान्पिढ्या वाद चालत आला आहे. "किती पुढे?" या प्रश्नाच्या आत आणखी एक प्रश्न दडलेला असतो: "कुठून पुढे?"

उत्तरे दोन आहेत. पहिले असे, की पात्राच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून फ्लँजच्या तोंडापर्यंतचे अंतर द्यावे. दुसरे असे, की पात्राच्या मध्यरेषेपासून, म्हणजे त्या उभ्या नळकांड्याच्या नेमक्या मधोमध कल्पिलेल्या अक्षापासून, फ्लँजच्या तोंडापर्यंतचे अंतर द्यावे.

फिटरच्या बाजूने पाहिले तर पहिला मार्ग सरळ वाटतो. पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो, त्याला हात लावता येतो, टेप टेकवता येतो. मध्यरेषा कोणी पाहिली आहे? ती तर निव्वळ कल्पना. पोकळीत असलेल्या रेषेपासून माप घ्या म्हणणे म्हणजे हवेला खुंटी ठोकायला सांगण्यासारखे आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पण पृष्ठभाग दिसतो म्हणून तो विश्वासार्ह ठरत नाही. पोलादी पत्रा यंत्रात वाकवून, कडेला कड जोडून नळकांडे केले जाते. ते भूमितीच्या पुस्तकातल्या वर्तुळासारखे कधीच होत नाही. कुठे किंचित चपटे, कुठे किंचित फुगीर राहते. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची जी दाबपात्र संहिता जगभर प्रमाण मानली जाते, तीही हे ओळखून आहे. एकाच छेदातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आतला व्यास यांत ठरलेल्या व्यासाच्या एक टक्क्यापर्यंत फरक ती चालवून घेते. म्हणजे दोन मीटर व्यासाच्या पात्रात २० मिलिमीटर. हा फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला असे धरले तरी पृष्ठभाग आपल्या जागेपासून ५ मिलिमीटर आत किंवा ५ मिलिमीटर बाहेर असू शकतो, आणि तरीही पात्र निर्दोष ठरते. अशा पृष्ठभागापासून माप घेतले तर त्याचा सारा वाकडेपणा तोटीच्या तोंडापर्यंत पोहोचतो. मध्यरेषेपासून माप घेतले तर तो वाकडेपणा तोटीच्या मानेच्या लांबीत जिरतो आणि तोंड जिथल्या तिथे राहते.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. पात्राचा पृष्ठभाग गोल असतो आणि तोटीही गोल असते. एका गोलात दुसरा गोल शिरला म्हणजे त्यांच्या सांध्याची रेषा सपाट राहत नाही. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखी ती दोन बाजूंना खाली उतरते. पात्राची बाहेरची त्रिज्या १०१६ मिलिमीटर आणि तोटीच्या नळाचा बाहेरचा व्यास सुमारे १६८ मिलिमीटर असेल तर हा उतार सुमारे साडेतीन मिलिमीटरचा असतो. पण त्याच पात्राला माणूस आत उतरण्याजोगे ६१० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे दार ठेवले, तर तोच उतार जवळजवळ ४७ मिलिमीटरचा होतो. मग "पृष्ठभागापासून" म्हणजे नेमक्या कोणत्या बिंदूपासून? खोगिराच्या माथ्यापासून की त्याच्या लोंबत्या कडेपासून? आराखड्याने हे सांगितले नाही तर दोन प्रामाणिक कारागीर दोन वेगळी तोंडे घडवतील, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील.

तिसरे कारण काळाचे आहे. आराखडा एकदा काढला आणि संपला असे होत नाही. समजा, पात्राचा आतला व्यास २००० मिलिमीटर आणि पत्र्याची जाडी १६ मिलिमीटर ठरली आहे. तोटीचे तोंड मध्यरेषेपासून १२५० मिलिमीटरवर आहे. १२५० मधून १०१६ वजा केले म्हणजे पृष्ठभागाबाहेर २३४ मिलिमीटर उरतात. पुढे हिशेब तपासताना जाडी २० करावी असे ठरले. आतला व्यास तोच राहिला, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग ४ मिलिमीटर पुढे सरकला. माप पृष्ठभागापासूनचे असेल तर तोंडही ४ मिलिमीटर पुढे गेले, आणि नळांचे जे आराखडे दुसऱ्या खोलीत दुसऱ्या माणसांनी आधीच पुरे केले आहेत ते सगळे एका क्षणात शिळे झाले. माप मध्यरेषेपासूनचे असेल तर तोंड हालत नाही. २३४ चे २३० होतात, तोटीची मान तेवढी आखूड कापावी लागते, आणि ही गोष्ट पात्र घडवणाऱ्याच्या अंगणातच मिटते. एकाच्या घरातला बदल दुसऱ्याच्या घरात शिरू न देणे, हाच चांगल्या आराखड्याचा धर्म होय.

शिवाय मध्यरेषा ही त्या चौघांच्या सामाईक मालकीची असते. पाया घालणारा पायातले बोल्ट तिच्याभोवती रोवतो. कारखान्याच्या एकंदर नकाशात पात्राची जागा तिच्याच बिंदूने दाखवलेली असते. नळ आखणारा आपले नळ त्याच बिंदूपर्यंत मोजत येतो. पत्र्याची जाडी किती आणि फुगवटा कुठे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून जाणकार आरेखक पात्राच्या अंगावरच्या तोट्यांची मापे मध्यरेषेपासून देतात. पात्राच्या वरच्या आणि खालच्या फुगीर झाकणांवरील तोट्यांची मापे मात्र स्पर्शरेषेपासून देतात. सरळ नळकांडे संपून झाकणाची वक्रता जिथे सुरू होते ती ही रेषा. दाबून घडवलेल्या झाकणाच्या आकारात नळकांड्याहूनही अधिक चूक संभवते. संहिता ती बाहेरच्या बाजूला व्यासाच्या सव्वा टक्क्यापर्यंत पत्करते. झाकणाच्या माथ्याला टेप टेकवणारा म्हणूनच फसतो. एखादी तोटी केंद्राकडे तोंड न करता बाजूने, डोंगराच्या उतारावर उगवलेल्या झाडासारखी पात्राला भिडते. अशा वेळी तर पृष्ठभागापासूनच्या मापाला अर्थच उरत नाही, कारण तिच्या मानेच्या दोन बाजूंची लांबी फारच वेगळी असते.

मग फिटरच्या आक्षेपाचे काय? न दिसणारी रेषा त्याने कशी गाठावी? याचे उत्तर त्याच्याच पेटीत आहे. पात्र कार्यशाळेत आडवे ठेवून त्याच्या अंगावर शून्य, नव्वद, एकशे ऐंशी आणि दोनशे सत्तर अंशांच्या चार रेषा आखतात आणि त्यांवर पंचाने खुणा करतात, म्हणजे रंगाखालीही त्या पुसल्या जाऊ नयेत. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी जुळवतात, दोरी ताणतात, ओळंबा सोडतात. तोटी जिथे बसायची तिथला पात्राचा प्रत्यक्ष घेर मोजून त्यातून प्रत्यक्ष त्रिज्या काढतात आणि ती मध्यरेषेपासूनच्या मापातून वजा करतात. उरते ते पृष्ठभागापासूनचे अंतर. त्यातून फ्लँजची उंची, समजा ९० मिलिमीटर, आणि वेल्डिंगसाठी सोडलेली ३ मिलिमीटरची फट वजा केली की पत्र्याच्या बाहेर राहणारी मानेची लांबी मिळते: २३४ वजा ९३, म्हणजे १४१. मान पत्र्यातून आरपार नेऊन आतल्या पृष्ठभागाशी सपाट करायची असेल तर त्यात १६ मिळवून १५७; आणि खोगिराच्या कडेला आणखी साडेतीन. अंकगणित चौथीतल्या मुलाचे आहे. प्रश्न एवढाच, की ही वजाबाकी कोणी करायची?

इथे काही आरेखक उदार होतात आणि दोन्ही मापे देऊन टाकतात: मध्यरेषेपासूनचेही आणि पृष्ठभागापासूनचेही. हे औदार्य घातक ठरते. प्रत्यक्ष पात्र कागदावरच्या पात्रासारखे तंतोतंत नसल्यामुळे दोन मापे एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत, आणि कोणते पाळायचे हे ठरवण्याचा भार रात्रपाळीच्या फिटरवर पडतो. दोन धन्यांच्या चाकराची जी गत, तीच त्याची. म्हणून तांत्रिक आरेखनाचा सर्वमान्य नियम असा, की एका गोष्टीचे माप आराखड्यात एकदाच द्यावे. सोयीसाठी दुसरे द्यायचेच झाले तर कंसात द्यावे. तो कंस सांगतो की हा आकडा माहितीपुरता आहे, आज्ञा नव्हे. दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरील मानक भवनातून प्रसिद्ध होणाऱ्या भारतीय मानकांतही हाच नियम आहे. ६ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९८७ साली तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले. अग्नीशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या दाबपात्रांची भारतीय संहिता तिनेच १९६९ साली प्रसिद्ध केली. दाबाखालचे वायू साठवणाऱ्या पात्रांचे आराखडे मंजूर करून घ्यावे लागतात, आणि ते काम ज्या स्फोटक द्रव्य सुरक्षा संघटनेकडे आहे तिचे मुख्यालय नागपूरला आहे, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना ठाऊक असेलच.

तोटी किती पुढे काढावी, हेही मनमानीने ठरत नाही. उष्ण पात्राला थंडीतल्या माणसाप्रमाणे जाड पांघरूण असते. ते १०० मिलिमीटर जाड आणि फ्लँजचे कडे २५ मिलिमीटर जाड धरले, तर वरच्या उदाहरणात कड्याच्या पाठीमागे १०९ मिलिमीटर मोकळे राहतात. तिथे बोल्ट काढता येतो आणि पान्हा फिरतो. आता पोलाद वाचवण्याच्या मोहाने कोणी १२५० च्या जागी ११५० लिहिले, तर मोकळी जागा अवघी ९ मिलिमीटर उरते. आराखडा तरीही सुबक दिसतो, पात्र दाबाच्या चाचणीतही उतरते. पण पुढे तीस वर्षे दर दुरुस्तीला एखादा कामगार ते पांघरूण फोडील, बोटे सोलवटून घेईल आणि ज्याने तो आकडा लिहिला त्याचे नावही त्याला ठाऊक नसेल. उलट तोटी गरजेपेक्षा लांब काढली तर तरफेच्या न्यायाने नळाचा भार पात्राच्या अंगावर अधिक जोराने येतो. म्हणजे हे माप दोन्ही बाजूंनी तोलून घ्यावे लागते.

काही मिलिमीटरांसाठी एवढा खल कशाला, असे कोणी विचारील. दोन फ्लँजे थोडी चुकली तर साखळी लावून, जोर करून ती ओढून भिडवता येतात, आणि तसे केलेही जाते. पण ओढून बसवलेला नळ ते विसरत नाही. धनुष्याच्या ताणलेल्या दोरीप्रमाणे तो ताण तोटीच्या मुळाशी कायम राहतो. त्यावर उष्णतेचे प्रसरण आणि आतला दाब यांची भर पडते, आणि वेल्डिंगच्या सांध्याला एक दिवस तडा जातो.

तोट्यांची तोंडे जुळत नसताना माणसे घाईने जुळवू पाहतात तेव्हा काय होऊ शकते, याचे एक दारुण उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात सहा मोठी पात्रे पायऱ्यांसारखी एकापुढे एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा १४ इंच खाली, अशी उभी होती. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या पात्राला तडा दिसला, म्हणून ते काढून घेण्यात आले आणि चौथ्याला सहावे जोडण्यासाठी तात्पुरता नळ बसवण्यात आला. समोरासमोरची तोंडे २८ इंचांची होती. मिळालेला नळ होता २० इंचांचा. दोन तोंडे एका पातळीत नव्हती, म्हणून नळाला मध्ये मोडा द्यावा लागला. हा नळ वाकवू पाहणाऱ्या जोराचा हिशेब कोणीच केला नाही. पुढच्या चौकशीत आढळले, की या कामाचा आराखडा म्हणून जे काही होते ते कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेले चित्र. १ जून १९७४ रोजी तो नळ निखळला, ज्वालाग्राही वाफेचा लोट बाहेर पडला, आणि झालेल्या स्फोटात २८ माणसे मृत्यू पावली. शनिवार नसता आणि कचेऱ्या भरलेल्या असत्या तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

तिथे चूक एखाद्या मापाची नव्हती. मापाला, हिशेबाला आणि तपासणीला फाटा देण्याची होती. फरशीवरचा खडू दुसऱ्या दिवशी पुसला जातो. कागदावरचा आकडा मात्र तपासणाऱ्यापुढे उभा राहतो, त्याला "कुठून?" असे विचारता येते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. आराखड्याच्या तळाशी काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची अशा वेगवेगळ्या सह्या असतात त्या एवढ्याचसाठी.

आज आरेखकाच्या टेबलावरून टी-चौकट आणि शाईची लेखणी गेली आहे. संगणकाच्या पडद्यावर पात्र उभे राहते, फिरवता येते, आतून पाहता येते. तोटी आणि नळ आपसांत भिडतात की नाही हे यंत्रच सांगते. परंतु पडद्यावरचे पात्र निर्दोष गोल असते आणि कार्यशाळेतले नसते. फरीदाबादच्या फिटरच्या हाती शेवटी एक कागद येतो, त्यावर एक बाण असतो आणि एक आकडा असतो. तो बाण जिथून निघतो ती जागा यंत्र ठरवीत नाही; ती माणसालाच ठरवावी लागते.

कारखान्याबाहेरच्या व्यवहारातही हे तत्त्व खोटे नाही. जमिनीची मोजणी करणारा शेताचा बांध प्रमाण मानीत नाही, बांध सरकतो. तो गावाच्या शिवेवरचा दगड गाठतो आणि तिथून साखळी टाकतो. राज्यकारभारातले नियमही डोळ्यांसमोरच्या सोयीपासून मोजले तर ती सोय आज फुगते, उद्या आकसते, आणि तिच्याबरोबर नियमाचे तोंडही हालत राहते. सर्वांनी मिळून मान्य केलेल्या, कोणाच्याही एकट्याच्या मालकीच्या नसलेल्या रेषेपासून मोजावे, त्यासाठी एका वजाबाकीचे जास्तीचे श्रम पडले तरी पत्करावे, एवढेच या छोट्या आकड्याचे सांगणे आहे. ते पाळले गेले म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेल्या चार माणसांचे काम पानिपतच्या माळावर एका सकाळी समोरासमोर येते, भोकाला भोक लागते, आणि बोल्ट हाताने आत सरकतो.